आजी निजली, चादर अंथरली

सोलापूरच्या पूर्व भागात संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजी शिकायला येणाऱ्या मुलांपैकी कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या घरी तेलुगू, तर कुणाच्या घरी कन्नड बोलतात. चुका मात्र सगळी मुले अगदी सारख्याच करतात. गेल्या आठवड्यात एका मुलीने वहीत लिहिले, ‘आय लेड ऑन द बेड.’ मी विचारले, ‘कुणाला निजवलंस?’ ती आधी गोंधळली, मग हसली, आणि पुढचा सगळा तास ‘लाय’ म्हणजे स्वतः आडवे होणे आणि ‘ले’ म्हणजे काही आडवे ठेवणे, अंथरणे, या भेदातच गेला.

वास्तविक हा भेद आपल्या मुलांना नवा नाही. आपण पडतो आणि भिंत पाडतो, स्वतः निजतो आणि बाळाला निजवतो. क्रिया आपली आपण घडते की कुणी घडवते, हे मराठीत क्रियापदच सांगून टाकते. इंग्रजीच्या पूर्वज भाषेतही अशी प्रयोजक रूपे करण्याची नियमित सोय होती. ती केव्हाच लोपली, पण ‘लाय’ आणि ‘ले’, ‘सिट’ आणि ‘सेट’, ‘फॉल’ आणि ‘फेल’ या जोड्या तिच्या खुणा म्हणून उरल्या. यातले ‘फेल’ म्हणजे झाड पाडणे. ‘पड’चे ‘पाड’ होताना आपल्याकडे जसा स्वर बदलतो, तसाच तिथेही बदलला.

खरी अडचण भूतकाळात येते. ‘लाय’चा भूतकाळ ‘ले’ होतो, आणि नेमके तेच अंथरण्या-ठेवण्याच्या क्रियापदाचे मूळ रूप आहे. त्याचा भूतकाळ ‘लेड’. म्हणून आजी काल दुपारभर बाजेवर निजली, तर ‘ग्रँडमदर ले’. पण तिच्यासाठी मी सोलापुरी चादर अंथरली, तर ‘आय लेड’. खोटे बोलण्याच्या ‘लाय’चा भूतकाळ ‘लाइड’, हे आणखी वेगळेच. ‘राइज’ आणि ‘रेज’ त्या मानाने सरळ आहेत: सूर्य उगवतो तेव्हा ‘राइज’, आणि सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत मानकरी सात नंदीध्वज उचलतात तेव्हा ‘रेज’.

‘बॉरो’ आणि ‘लेंड’ यांच्या बाबतीत मात्र मातृभाषाच पाय ओढते. मराठीत ‘उसने’ हा एकच शब्द घेणे आणि देणे या दोन्हींना चालतो. तेलुगूत ‘अप्पु’ आणि कन्नडमध्ये ‘साल’ यांचेही तसेच. त्यामुळे मूल ‘उसने’साठी ‘बॉरो’ पाठ करते आणि बिनदिक्कत म्हणते, ‘बॉरो मी युअर पेन.’ कॉलेजात असताना ग्रंथालयाच्या अर्जात मी स्वतः हेच लिहिले होते, त्यामुळे या चुकीला मी फारसे रागावत नाही. घेणारा ‘बॉरो’ करतो आणि देणारा ‘लेंड’, एवढे सांगून पेन हातोहात फिरवायला लावतो.

त्या मुलीने दुसऱ्या दिवशी वाक्य सुधारून ‘आय ले ऑन द बेड’ असे आणले. शेजारच्या मुलाने ताबडतोब आक्षेप घेतला, की ‘ले’ तर वर्तमानकाळ आहे. या वेळी उत्तर तिनेच दिले. ‘लेन’ हे तिसरे रूप अजून शिकवायचे राहिले आहे, ते सोमवारी.