अंगठा लागत नाही

रेशनकार्डावर माझं नाव अजून वाईच्या घरातच आहे. पुण्यात येऊन पंचवीस वर्षं झाली, पण ते तिथून काढावं असं ना मला वाटत, ना आईला. त्यामुळे केवायसी का काय ते करायला मध्यंतरी भर दुपारी गावच्या रेशन दुकानात रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढे एक म्हातारी होती आणि तिचा अंगठा लागत नव्हता.

"मावशी, हात पुसा." पदराला पुसला. "जरा डोक्याला घासा." घासला. मशीन आपलं लालच. मग दुसरं बोट, तिसरं, डावा हात. दुकानदार वैतागलाही नाही, रोजचंच असावं. राबून राबून बोटांच्या रेषा झिजतात हे मशीनवाल्यांनाही ठाऊक आहे, म्हणून तर आधारला बोटांसोबत डोळ्यांची बुबुळंही घेतात. पहिलं आधार कार्ड २०१० मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं. त्या आदिवासी गावातल्या पहिल्या रांगेत किती अंगठे एका दमात लागले असतील, कोण जाणे.

"गल्लीतल्या समद्या पोरांस्नी चालली की ही बोटं," म्हातारी म्हणाली, "मशिनीलाच चालंना व्हय?"

चेहरा नाही ओळखला, आवाज ओळखला. आमची न्हाणीवाली मावशी.

धाकटी बहीण झाली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. मावशी सकाळी नऊच्या सुमाराला यायची. बंब पेटलेला असायचाच. न्हाणीत पाटावर बसून, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून ती पाय लांब पसरायची आणि त्या दोन नडग्यांवर बहिणीला पालथी घालायची. मी दाराच्या फटीतून बघायचो. आधी तेल. उजवा हात डाव्या पायाला, डावा हात उजव्या पायाला, असं काही करायची की मला वाटे आता मोडणार. मग साय कालवलेलं डाळीचं पीठ. शेवटी तांब्या-तांब्याने कढत पाणी, आणि ते तोंडावर येऊ नये म्हणून कपाळावर आडवा धरलेला हात. बहीण आधी घर डोक्यावर घ्यायची आणि कुठल्याशा तांब्याला एकदम गप्प व्हायची. तो तांब्या कितवा, हे मी मोजायचा प्रयत्न करी. दर वेळी वेगळा निघायचा. मग शेगडीवर ओवा आणि लसणाची सालं टाकून धुरी, टाळूवर तेल, तीट, दुपट्याची घट्ट गुंडाळी. की पोर तीन तास जगात नाही.

मधेच आजी आतून ओरडायची, "नाक बघून घे गं!" मग मावशी चिमटीत धरून नाकाचा दांडा ओढायची. बहिणीचं नाक आज सरळ, धारदार आहे. त्याचं श्रेय मावशीला. माझंही तिनेच ओढलं होतं, ते बसकं राहिलं. त्याचा दोष वडिलांच्या घराण्याला. आमच्याकडे न्याय असाच असतो. आता डॉक्टर सांगतात, नाकाकानांत तेल नको, काजळ नको, धुरी तर नकोच, आणि नाक ओढून काही होत नाही. बरोबर आहे त्यांचं. शेवटच्या मुद्द्याला पुरावा मी स्वतःच आहे.

आणि मी असा माणूस, की न्हाव्याने दाढीनंतर डोक्याला हात लावला तरी खुर्चीतून उठतो. "मालिश?" "नको." बसमध्ये कुणी खांद्याला टेकलं तरी आक्रसतो. या अंगाला कधीकाळी सव्वा महिना रोज कुणीतरी मळलं, वळलं, उलटंपालटं केलं, आणि मला त्यातलं एक अक्षर आठवत नाही. सव्वा महिन्यानंतर आजीने साडी दिली असेल, खणानारळाने ओटी भरली असेल, पायलीभर तांदूळही दिले असतील. म्हणजे हिशेब मिटला. पण तो आजीचा आणि मावशीचा. ज्याला न्हाऊ घातलं तो तेव्हा दुपट्यात झोपलेला होता.

"मावशी, ओळखलंत का?" मी नाव सांगितलं, वाड्याचं सांगितलं.

तिने डोळे बारीक केले. मग सरळ हात वर करून माझ्या नाकाच्या दांड्यावरून अंगठा फिरवला, भर रांगेत. अंगठा काचेसारखा गुळगुळीत होता. मी आक्रसलो नाही, हे मला नंतर लक्षात आलं.

"बसकंच राह्यलं रं," ती म्हणाली. "लई रडायचास."

मला काहीतरी म्हणायचं होतं. आभार वगैरे आपल्याकडे मोठ्या माणसांना तोंडावर म्हणत नाहीत, आणि नेमके कशाचे म्हणणार? तोंडातून निघालं, "चहा घेणार का?"

"नगं. आधी ह्याचं बघू दे." तिने परत अंगठा पदराला पुसला, परत ठेवला. लाल. दुकानदार म्हणाला, "मावशी, उद्या या. डोळ्याचं मशीन आणून ठेवतो." तिने पिशवीची घडी घातली आणि निघाली.

मग माझा नंबर. पेन आणि माऊस यांच्यापलीकडे या हाताने फारसं काही धरलेलं नाही. अंगठा पहिल्या झटक्यात लागला.