पंखाचा पीळ

शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहायला बसलो आणि सगळ्यात आधी आठवला तो डोपचा, म्हणजे कागद ताणून घट्ट करणाऱ्या वार्निशसारख्या द्रवाचा वास. मी नववीत असताना प्रयोगशाळेमागच्या अरुंद खोलीत विज्ञानाच्या सरांनी रिमोटवर उडणारं विमान बांधायला घेतलं होतं. बाल्सा या हलक्या लाकडाच्या फासळ्या, त्यावर ताणून चिकटवलेला पातळ कागद, वरून डोपचे हात. बांधणीत सगळा हिवाळा गेला. पण मनात घर करून राहिले ते उडवण्याआधीचे आठ दिवस.

आधी तोल. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर सरांनी खालून पेन्सिलीच्या खुणा केल्या. टाकी रिकामी ठेवून तिथे दोन बोटांवर विमान उचललं. नाक किंचित झुकायला हवं होतं. आमचं शेपटीवर बसलं. बॅटरी पुढे सरकवून भागेना, तेव्हा नाकात शिशाचा तुकडा बसवला.

त्या संध्याकाळी वडील मला न्यायला आले. ते यंत्रमागावर कामाला. आमच्या घरची भाषा तेलुगू, त्यामुळे शाळेत यायला ते बिचकायचे. दारातूनच त्यांनी एक डोळा मिटून पंखाकडे पाहिलं आणि म्हणाले, "सर, सुताला पीळ पाहिजे. याला कशाला?"

सरांनी विमान पाठीमागून डोळ्यांच्या रेषेत धरलं. उजव्या पंखाची मागची कड टोकाकडे दोन-तीन मिलिमीटर खाली आली होती. मार्चचं ऊन आणि पत्र्याची खोली. कागद एका अंगाने जास्त ताणला गेला होता. तसंच उडवलं असतं, तर उजवा पंख जास्त उचलला जाऊन विमान सतत डावीकडे कलंडलं असतं. सर वडिलांना म्हणाले, "बसा ना, आता तुम्हीच धरा." स्टोव्हवर पातेलं ठेवलं. वाफेवर पंख फिरवायचा, उलट्या बाजूने हलकेच पिळायचा आणि निवेपर्यंत तसाच धरायचा. तीनदा केलं. वडिलांची बोटं जराही हलली नाहीत. सरांच्या शेजारी बसलेले माझे वडील मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

रविवारी पहाटे तुळजापूर रस्त्याकडच्या माळावर गेलो. पंख बांधायची रबरं उन्हाने विरतात, म्हणून सर ती पावडर लावून डब्यात ठेवायचे. त्यातलं एकेक ताणून बघितलं. आधी हातातला ट्रान्समीटर सुरू, मग विमानातला रिसीव्हर. बंद करताना याच्या उलट. अँटेना मिटवून सर तीस पावलं लांब गेले आणि ट्रान्समीटरची काठी डावीकडे नेली. पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, म्हणजे एलेरॉन, बघून मी ओरडलो, "डावं एलेरॉन वर, उजवं खाली!" बरोबर होतं. मग चिमूटभर वाळलं गवत सोडून वारा बघितला, इंजिन पेटवणाऱ्या ग्लो प्लगला दीड व्होल्टचा सेल जोडला आणि सरांनी लाकडी दांडक्याने नाकावरचा पंखा फिरवला. चौथ्या झटक्याला इंजिन धरलं.

वाऱ्याच्या तोंडावर विमान धावलं आणि उचललं. सरळ गेलं, अगदी सरळ. रात्रपाळी करून तसेच आलेले वडील मान वर करून बघत राहिले.

उतरल्यावर पंखभर इंधनातलं एरंडेल उडालं होतं. वडिलांनी खांद्यावरच्या टॉवेलने ते हळूहळू पुसलं, विमान पाठीमागून उचललं आणि पुन्हा एक डोळा मिटला.