पाकीट कापू नका: बाइंडिंगच्या दुकानापासून तिकिटांच्या पेढीपर्यंत आमची वाटचाल

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात दुकानाच्या पाटीवर आजही 'बुक बाइंडिंग व स्टेशनरी' असंच लिहिलेलं आहे. शाळांचे हजेरीपट, सोसायटीच्या खतावण्या, भजनी मंडळांच्या फाटक्या पोथ्या आमच्याकडे अजूनही शिवायला येतात. पण गेली अनेक वर्षं घर चालतं ते दुसऱ्या कामावर. इंग्रज अमदानीतली टपाल तिकिटं, त्यांच्या छपाईतले दुर्मीळ फरक आणि ती तिकिटं लागलेली जुनी पाकिटं आम्ही विकत घेतो, तपासतो, त्यांचं वर्णन लिहितो आणि देशभरच्या संग्राहकांना पाठवतो. नवं गिऱ्हाईक फोनवर हमखास विचारतं, "तुमचं ऑफिस नागपूरला आहे का?" नाही. खेड्यातच आहे, आणि खेड्यात आहे म्हणूनच हा धंदा उभा राहिला.

त्याचं कारण कापूस. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाड-नागपूरच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ साली जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे नागपूरला पोचली. खामगाव, हिंगणघाट, आर्वी, कारंजा अशा बाजारपेठांतून मुंबईशी रोजचा पत्रव्यवहार सुरू झाला. आज काय भाव, किती गाठी रवाना झाल्या, कुणाची हुंडी पटली, कुणाची परत आली, सगळं पत्रातून. आणि पेढीवर आलेलं पत्र फेकायचं नाही, ही दिवाणजींची शिस्त. वाचून झालं की पत्र लोखंडी तारेत ओवायचं, तार भरली की आढ्याला टांगायची. वाडे पडके झाले, पेढ्या बंद पडल्या, पण त्या तारा कोठीघरात तशाच लटकत राहिल्या.

बाबांना तिकिटांचं काही माहीत नव्हतं. त्यांना कागद कळायचा. जुनी रद्दी ते पुठ्ठ्याच्या आत भरायला घ्यायचे. आधी एकेक कागद उन्हाकडे धरून बघायचे. धागा कुठल्या दिशेला जातो, गिरणीचा आहे की हातकागद, पाणचिन्ह म्हणजे उजेडाकडे धरल्यावर कागदात दिसणारी खूण आहे का, हे त्यांना बोटांनी समजायचं. त्याच रद्दीत एका व्यापाऱ्याची पाकिटं आली. बाबांनी एक निळं तिकीट उजेडाकडे धरलं आणि आत हत्तीचं डोकं दिसलं. शेजारचं तिकीट रंगाने, चित्राने अगदी तसंच. पण त्यात हत्ती नव्हता. "एकाच छापाचे दोन कागद कसे?" या त्यांच्या प्रश्नातून आमची पेढी सुरू झाली असं मी मानतो.

उत्तर शोधायला मला बराच काळ लागला, कारण तालुक्याला विचारायचं कुणाला? मुंबईच्या जुन्या जाणकारांना पत्रं घातली. लिलावांच्या छापील याद्या मागवल्या. हळूहळू उलगडत गेलं. १८५५ पासून लंडनच्या डे ला रू कंपनीने छापलेल्या हिंदुस्थानच्या तिकिटांना सुरुवातीला पाणचिन्ह नव्हतं. १८६५ पासून हत्तीचं डोकं आलं आणि १८८२-८३ च्या मालिकेपासून तारा, म्हणजे चांदणी. त्या मालिकेपर्यंत तिकिटांवर 'ईस्ट इंडिया पोस्टेज' असं छापलेलं असे, पुढे 'ईस्ट' गळलं. याच काळातल्या काही तिकिटांचे दोन डाय, म्हणजे छपाईचे मूळ ठसे, आहेत. एकात व्हिक्टोरिया राणीचं तोंड मिटलेलं आणि हनुवटी टोकदार, दुसऱ्यात ओठ किंचित उघडे आणि हनुवटी गोल. भिंग हातात नसेल तर दोन्ही तिकिटं सारखीच वाटतात, आणि किमतीत मात्र मोठं अंतर असू शकतं.

त्याही आधीची, १८५४ ची तिकिटं हा माझा खरा जिव्हाळा. सिंधचा कमिशनर बार्टल फ्रियर याने १८५२ साली उठावाच्या ठशाची 'सिंध डाक' ही तिकिटं काढली, पण साऱ्या हिंदुस्थानात चालणारी तिकिटं १८५४ ची. ती कलकत्त्याला, नकाशे छापणाऱ्या सर्वेक्षण खात्यात, कॅप्टन थुलियर यांच्या देखरेखीखाली दगडावरून छापली गेली. हिरवं दोन आण्यांचं तेवढं टाकसाळीत, धातूच्या ठशांवरून निघालं. अर्धा आण्याचं तिकीट आधी लाल रंगात छापलं होतं. विलायतेहून येणारा हिंगुळ, म्हणजे लाल रंग, पुरेना म्हणून ते सोडून निळं काढलं. ते लाल तिकीट टपालात कधी आलंच नाही. चार आण्यांचं तिकीट दुरंगी, म्हणजे कागद दोनदा दगडाखाली जायचा, एकदा लाल चौकटीसाठी आणि एकदा निळ्या मुखड्यासाठी. एखादा ताव उलटा गेला आणि चौकटीत राणीचं डोकं खाली आलं. जगभरात अशी मोजकीच तिकिटं उरली आहेत. ते तिकीट आमच्या हातून कधी गेलेलं नाही, पण दगडी छपाईतले साधे फरक, पुसट झालेली रेघ, हाताने दुरुस्त केलेला केसांचा भाग, हे वऱ्हाडातल्या पत्रांवर मी स्वतः पाहिले आहेत. या तिकिटांना दात नाहीत. टपाल्याच्या नाहीतर मुनीमजीच्या कात्रीने ती सुटी झाली. म्हणून चारही बाजूंना कोरी कड राहिलेलं तिकीट मोलाचं. चार आण्याची तिकिटं तर पुष्कळांनी चित्राच्या कडेने अष्टकोनी कापली, आणि ती आता त्या मानाने फार स्वस्त जातात.

आमच्या भागात जास्त सापडतं ते मात्र पंचम जॉर्जच्या काळातलं. १९२१-२२ मध्ये टपालाचे दर बदलत होते आणि हाताशी असलेल्या तिकिटांवर नवी किंमत छापून ती वापरली जात होती. एक आण्याच्या तांबड्या तिकिटावर 'नाइन पाइज' (नऊ पै) अशी दोन शब्दांची छपाई झाली. जुळणीतल्या चुकीमुळे काही तिकिटांवर 'नाइन नाइन' आलं, काहींवर 'पाइज पाइज'. दुहेरी छपाईचीही आहेत. अर्धा आण्याच्या हिरव्या तिकिटावर पाव आण्याची छपाई उलटी झालेली सापडते. अशी चूक अल्बममध्ये कोरी मिळणं वेगळं आणि जिनिंगच्या मालकाने सरकीचा भाव कळवायला पाठवलेल्या पाकिटावर, त्या दिवसाच्या शिक्क्यासह मिळणं वेगळं. दुसरी वस्तू सांगते की ती चूक पोस्टाच्या खिडकीतून लोकांच्या हाती गेली आणि कुणाच्या लक्षातही आली नाही.

इथेच आमच्या धंद्याचा सगळा भर आहे. गावोगावी लोक चांगल्या मनाने तिकिटं कापून आणतात. कात्रीने चौकोन कापायचा, पाण्यात भिजवायचा, पाकीट चुलीत. एकदा एक काकाजी बिस्किटाच्या डब्यात भरून धुतलेली तिकिटं घेऊन आले आणि म्हणाले, "पहा भाऊ, सारी साफ करून आणली जी." मी त्यांच्याशी तासभर बोलत बसलो. तिकीट सांगतं किती आणे. पाकीट सांगतं कुठून, कुठे, कोणत्या वाटेने, किती दिवसांत, किती वजनाला. १८५४ च्या ऑक्टोबरपासून पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा हा दर साऱ्या हिंदुस्थानात एक झाला, अंतर कितीही असो. तेव्हा त्या दराच्या काळातल्या पाकिटावर एक आणा दिसला की पत्र पाव तोळ्याहून जड होतं हे कळतं. मागच्या बाजूला पोचल्याचा शिक्का, कधी धावत्या गाडीतल्या टपाल डब्याचा शिक्का, तिकीट न लावलेल्या पत्रावर दुप्पट वसुलीची खूण. एलिचपूर (अचलपूर), उमरावती (अमरावती), चांदा (चंद्रपूर), कामठी ही नावं त्या काळच्या इंग्रजी स्पेलिंगात. तिकीट सोडवलं की यातलं काहीही उरत नाही. काकाजींनी घरी राहिलेली पाकिटं तशीच ठेवली, आणि पुढे त्यांच्याच ओळखीने आम्हाला तीन गावांतली घरं उघडली.

नकली मालाचं सांगायलाच हवं, कारण नवा संग्राहक इथेच फसतो. बिनतिकिटाचं जुनं पत्र घ्यायचं, त्यावर चांगलं तिकीट चिकटवायचं, शिक्का मारायचा, ही चलाखी जुनी आहे. शिक्क्याची शाई तिकिटावरून कागदावर सलग उतरते का हे तर सगळेच बघतात. आम्ही आणखी एक बघतो: तारेचं भोक. पत्र तारेत ओवलं तेव्हा तिकीट त्या जागी असेल तर भोक दोन्हींतून गेलं पाहिजे. कागदाला भोक आहे, वरचं तिकीट अखंड आहे, तर ते तिकीट नंतर आलं. पुष्कळ संग्राहक भोकामुळे पाकीट नाकारतात. मला ते भोक म्हणजे पत्राच्या खरेपणाचा दाखला वाटतो, आणि आम्ही वर्णनात ते लपवत नाही, आधी लिहितो.

बाइंडिंगचं घर असल्यामुळे दुरुस्तीची विनंती वारंवार होते. फाटलेली कड जोडा, डाग काढा, डिंक नवा द्या. हात चालतो म्हणून करायचं नाही, असं आमचं पहिल्यापासून ठरलेलं आहे. पोथी शिवू, खतावणी शिवू. तिकिटाला आणि पाकिटाला हात नाही. आधी कुणी केलेली दुरुस्ती दिसली तर ती यादीत नोंदवून विकतो. साठवणीचं मात्र जीव लावून करतो. वैशाखात इथे डिंक वाळून तडकतो, श्रावणात तोच ओला होऊन तिकिटं एकमेकांना चिकटतात, आणि वाळवी तर बाराही महिने. लोक पेटीत कडुनिंबाचा पाला टाकतात, त्याचे डाग कागदावर उतरतात. आम्ही पोलिएस्टरच्या पारदर्शक पिशव्या वापरतो, पेट्या भिंतीपासून आणि जमिनीपासून दूर ठेवतो, पावसाळ्यात दर आठवड्याला उघडून बघतो. हे काम पहिल्यापासून सौ.कडे आहे. स्कॅन करणं, नोंदवही, टपालाची बांधणी हेही तिच्याच हातचं. तिने बांधलेलं पार्सल आजवर भिजलेलं आलं अशी एकही तक्रार नाही.

खरेदीचा आमचा नियम साधा आहे. विकताना गिऱ्हाइकाला जे सांगणार, तेच घेताना मालकाला सांगायचं. वाडा पाडायला काढला की घाई असते, मजूर उभे असतात, पोरं म्हणतात जाळून टाका. अशा वेळी गठ्ठाच्या गठ्ठा रद्दीच्या भावात मिळू शकतो. आम्ही भिंग मालकाच्या हातात देतो, काय दिसतं ते दाखवतो आणि मगच भाव बोलतो. वस्तू आमच्या ऐपतीपलीकडची असेल तर विकत घेत नाही. जाणकारांचं प्रमाणपत्र काढून मालकाच्याच नावाने लिलावाला पाठवतो आणि ठरलेलं कमिशन घेतो. यात नफा हळू येतो. सुरुवातीची वर्षं घरखर्च निव्वळ शाळांच्या रजिस्टरांवर निघाला. पण आज आमच्याकडे जो माल येतो तो नात्यागोत्यातून, शब्दावर येतो. जाहिरातीवर पैसा घालायची वेळ आलेली नाही.

एका प्रकारच्या पाकिटांसाठी मी अजून पायपीट करतो. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या सेगावला राहायला आले. बुलढाणा जिल्ह्यात गजानन महाराजांचं शेगाव, रेल्वेवरचं, सगळ्यांच्या ओळखीचं. टपाल चुकून तिकडे जायचं. १९४० मध्ये सेगावचं नाव सेवाग्राम झालं त्यामागे हा घोळ होता. सेगावचा पत्ता असलेलं, शेगावचा शिक्का खाऊन मग वर्ध्याला परतलेलं पाकीट म्हणजे आमच्या मुलखाच्या टपालाचा फार मोठा ऐवज. त्यावर बहुधा १९३७ च्या मालिकेची तिकिटं असायची, डाकधावक, डाकगाडीचे बैल, टांगा, उंट अशी चित्रं असलेली. आश्रमात त्या काळी राहून गेलेल्यांच्या घरी अशी पाकिटं असतील तर मला बघायला तरी द्यावीत. विकण्याचा आग्रह मी करणार नाही.

परदेशातून चौकश्या येतात, त्यांना आम्ही नम्रपणे नकार देतो. शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याची बंधनं आहेत, आणि कायदा बाजूला ठेवला तरी वऱ्हाडच्या पेढ्यांची पत्रं इथल्या माणसांना वाचता यावीत असं मला मनापासून वाटतं. वाचणारे मात्र कमी झालेत. पुष्कळ पत्रं मोडी लिपीत आहेत, मारवाडी पेढ्यांची महाजनी लिपीत. माझी मुलगी नागपूरला शिकताना मोडी शिकली आणि आता सुट्टीत पत्रांचा मजकूर उतरवून पाकिटासोबत टाचून ठेवते. त्यामुळे आमच्या याद्या बदलल्या. पूर्वी लिहायचो, 'अर्धा आणा निळं, हत्ती पाणचिन्ह, शिक्का स्वच्छ.' आता खाली दोन ओळी येतात: पत्र कुणी कुणाला लिहिलं, कशाबद्दल. काही संग्राहकांनी त्या दोन ओळींसाठी म्हणून खरेदी केल्याचं कळवलं आहे.

सध्या टेबलावर दारव्ह्याकडच्या एका आडत्याच्या घरचा पत्रव्यवहार आहे. घरच्यांची इच्छा आहे की तो फोडू नये, आणि आमचीही तीच आहे. तारेवरचा क्रम होता तसा ठेवून आम्ही नोंदी करतो आहोत. १ जुलै १८७९ ला देशात पाव आण्याचं पोस्टकार्ड सुरू झालं. त्यानंतर या घरात पाकिटं एकदम कमी आणि कार्डं जास्त झालेली दिसतात. कार्डांचा मजकूर निम्म्यापर्यंत उतरवून झाला आहे. दिवाळीनंतर संपूर्ण संग्रहाची यादी मराठीत तयार होईल आणि जो संग्राहक किंवा संस्था तो अखंड ठेवायची लेखी हमी देईल, त्यालाच तो जाईल.