पंगस ठणठणीत, रोहू मेला

धरणात मासे मेले की लोक आधी विषाचं नाव घेतात. मांजरा खोऱ्यातल्या त्या मध्यम प्रकल्पावरही तेच झालं. भोई मंडळींनी काठावर मेलेल्या रोहू-कटल्याचा ढीग घातला होता आणि सगळ्यांचा रोख धरणात पंगस मासा पाळायला टाकलेल्या तरंगत्या जाळीच्या पिंजऱ्यांवर होता. पिंजरेवाला मात्र निर्धास्त. "मॅडम, माझा एक तरी पंगस मेला का बगा. पाण्यात इख असतं तर आधी माझेच गेले असते ना?"

मुद्दा बिनतोड वाटतो. पण पंगस वर येऊन हवा गिळतो, पाण्यात ऑक्सिजन नसला तरी तग धरतो. रोहू-कटल्याला ती सोय नाही, आणि सांडलेल्या खाद्यासाठी ते पिंजऱ्यांभोवतीच घुटमळतात.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पाण्यातला ऑक्सिजन मोजायचं मीटर घेऊन मी थर्माकोलच्या तराफ्यावर बसले. ही वेळ मुद्दाम धरावी लागते. दुपारी उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं, आकडे छान दिसतात. रात्री तेच शेवाळ तो संपवतं. पिंजऱ्यालगत वरच्या पाण्यात लिटरमागे 2.1 मिलिग्रॅम, तळाशी 0.3. सांडव्याकडच्या मोकळ्या पाण्यात 5.6. तळाच्या पाण्याची बाटली उघडली तर सडक्या अंड्यांचा वास. तराफा वल्हवणाऱ्या मामांनी तोंडच फिरवलं.

मग दोरीला वजन बांधून खोली मोजली. जाळ्याच्या बुडाखाली जेमतेम दीड हात पाणी! पिंजरे टाकले तेव्हा धरण भरलेलं होतं. पुढे रब्बीची आवर्तनं सुटली, पाणी उतरलं, पिंजरे मात्र त्याच आडोशाला, जिथं पाणी हलतच नाही. खाद्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसचा साधारण तिसरा हिस्साच माशाच्या अंगी लागतो. बाकीचा पाण्यात विरघळतो, नाहीतर विष्ठेबरोबर तळाला बसतो. त्यावर शेवाळ माजलं होतंच. त्यात अवकाळीचं आभाळ आलं, ऊन गेलं, वारं सुटलं आणि तळाचं पाणी ढवळून वर आलं. वरच्या गावांचं सांडपाणी आणि शेतातलं खत यांचाही वाटा असतो, तो रिपोर्टात लिहिला. पण तेच पाणी सांडव्याकडेही होतं, आणि तिथं 5.6 होते.

पिंजऱ्यांना माझा विरोध नाही, चार पोरांना काम मिळतं. पण धरण वर्षभर भरलेलं राहील असं धरून जागा निवडायची, तीही इथं? 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं.

पिंजरे नदीच्या जुन्या खोल पात्रावर ओढून न्यायचे आणि आभाळ असेल त्या दिवशी खाद्य तोडायचं, असं ठरलं. पिंजरेवाला डिझेलच्या खर्चावरून कुरकुरला. भोयांच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन भरपाईवर अडून बसले, ते अजून मिटलेलं नाही. पिंजरे हलले, पण जुन्या जागेचा गाळ आहे तिथंच आहे, आणि नळयोजनेची जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर, त्याच काठाला. तिथलं तळाचं पाणी आता दर महिन्याला पहाटेच तपासते.