दारावरचा कागद आणि दोन मिनिटं

मेडिकल कॉलेजच्या प्रवेशाच्या मुलाखतीची तयारी करून घ्या म्हणून मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांच्या हातात एक वही असते. त्यात संभाव्य प्रश्न आणि त्यांची घोटून घोटून लिहिलेली उत्तरं. ती वही मी बाजूला ठेवायला लावते. त्यातली उत्तरं वाईट नसतात, पण पाठ केलेलं डोक्यात घोळत असलं की समोरचा काय विचारतोय ते कानात शिरतच नाही. आणि डॉक्टरचं निम्मं काम ऐकण्याचं आहे.

आता अनेक देशांत एमएमआय, म्हणजे मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू, या पद्धतीनं मुलाखत होते. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात ती तयार झाली आणि 2004 मध्ये तिच्यावरचा पहिला शोधनिबंध आला. एकाच पॅनेलसमोर तासभर बसण्याऐवजी आठ-दहा छोटी स्टेशनं, म्हणजे छोट्या छोट्या मुलाखती, असतात आणि प्रत्येक ठिकाणी परीक्षक वेगळा. मूळ रचनेत दाराबाहेर प्रसंग किंवा प्रश्न लिहिलेला कागद वाचायला दोन मिनिटं आणि आत आठ मिनिटं. मी सगळ्यात जास्त सराव त्या दोन मिनिटांचा करून घेते. या प्रसंगात कोणाकोणाचं काय पणाला लागलंय? मला काय माहीत नाहीये? एवढं मनात मांडून झालं की आत जायचं.

एक प्रसंग मी हमखास देते. फिट येणाऱ्या रुग्णाला तुम्ही गाडी चालवू नका असं सांगितलंय, तरी तो चालवतोच. काय कराल? एका मुलानं ताडकन सांगितलं, "पोलिसांना कळवेन." मी विचारलं, "त्याच्याशी आधी काय बोलशील?" तो थांबला. मग म्हणाला, "गाडी चालवण्यावरच त्याचं पोट आहे का, ते विचारेन." मला फार बरं वाटलं. खरं उत्तर इथून सुरू होतं. पुढे गोपनीयता येते, रस्त्यावरच्या लोकांचा जीव येतो, कायदाही येतो. तो सगळीकडे सारखा नाही. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात डॉक्टरवर कळवण्याचं बंधन आहे. ब्रिटनमध्ये कळवण्याची जबाबदारी आधी रुग्णाची. तो ऐकतच नसेल, तर डॉक्टर परवाना देणाऱ्या यंत्रणेला कळवू शकतो, आणि तसं करणार असल्याचं रुग्णाला आधी सांगणं अपेक्षित असतं. जिथे अर्ज केलाय तिथला नियम वाचून जावा, पण परीक्षकाला त्या नियमापर्यंत तुम्ही कसे पोचलात हे ऐकायचं असतं. म्हणून मोठ्यानं विचार करा. स्वायत्तता, हित, अपाय टाळणं, न्याय ही वैद्यकीय नीतिशास्त्रातली चार तत्त्वं नुसती घडाघडा म्हणून दाखवली, तर हातात काही येत नाही. या माणसाच्या बाबतीत त्यातली कोणती दोन एकमेकांना भिडतायत, ते सांगता यायला हवं.

प्रसंगातल्या माणसाची भूमिका करणारा अभिनेता समोर बसवलेलं स्टेशन मुलांना सगळ्यात अवघड जातं. गाडी मागे घेताना शेजाऱ्याचं मांजर चाकाखाली गेलं, आता त्याला सांगा. बरीचशी मुलं आडवळणानं बोलत राहतात, किंवा सांगून टाकतात आणि लगेच नवं मांजर आणून द्यायला निघतात. कर्करोगाच्या रुग्णांना वाईट बातमी कशी सांगावी यासाठी 2000 मध्ये स्पाइक्स ही सहा टप्प्यांची पद्धत मांडली गेली. तिच्यात आधी नीट बसायचं, मग समोरच्याला काय ठाऊक आहे ते विचारायचं, बातमी त्यानंतर. सोप्या शब्दांत सांगा आणि गप्प राहा. ते गप्प राहणं मी मुद्दाम करवून घेते, कारण समोरचा रडत असताना तोंड बंद ठेवणं मुलांना खरोखर जड जातं. (मोठ्यांनाही जातं.)

"डॉक्टरच का, नर्स का नाही?" या प्रश्नात नर्सिंगला कमी लेखलंत, तर परीक्षक तिथेच सावध होतो. इथे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं उपयोगी पडतं. वृद्धाश्रमात मदतीला जाणारी एक मुलगी मला सारखं "मी संवेदनशीलता शिकले" असं सांगत होती. काय पाहिलंस, असं खोदून विचारल्यावर तिनं एका आजींचं सांगितलं. अर्धांगवायूनंतर त्यांना गिळायला त्रास व्हायचा. नर्स प्रत्येक घासानंतर तोंड रिकामं झाल्याची खात्री करायची, मगच पुढचा घास. घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो, हे तिनं त्या नर्सकडूनच ऐकलं, आणि मेंदूतल्या बिघाडानं गिळणं का बिघडतं हे शोधत ती रात्री वाचत बसली. तिला डॉक्टर का व्हायचंय ते मला तेव्हा कळलं. नर्सचं काम किती मोलाचं आहे, तेही तिनं न सांगता त्यात आलं.

घरी सराव करताना समोर कुणाला तरी बसवाच, आरशावर भागवू नका. वैद्यकीय क्षेत्राबाहेरचा माणूस असला तर उत्तम. तुमचं बोलणं त्याला कुठे कळेनासं झालं ते तो लगेच सांगेल. आणि एखादं स्टेशन बिघडलं तर पुढच्या दाराशी जाऊन नवा कागद वाचायला लागा. आतल्या परीक्षकाला आधी काय झालं याची गंधवार्ता नसते, त्याचे गुण तो स्वतंत्रपणे देतो.