साड्यांच्या घडीखाली

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

आज आईच्या कपाटात मेटफॉर्मिनच्या, म्हणजे तिच्या मधुमेहाच्या गोळ्यांच्या, अठरा पट्ट्या सापडल्या. एकही गोळी फोडलेली नाही. दर महिन्याला औषधवाल्याला फोन मीच करते, तो घरपोच देतो, आणि आई त्या साड्यांच्या घडीखाली ठेवून देते. तीन महिने! विचारलं तर शांतपणे म्हणाली, "अगं, केमिकल आहे ते. किडनी जाते त्यानं. सर सांगतात ना."

सर म्हणजे मोबाइलमधले. रोज सकाळी सातला लाइव्ह येतात. मेथीचं पाणी, जांभळाच्या बियांची पूड आणि त्यांच्याच नावाचं चूर्ण. तीन महिन्यांत शुगर मुळापासून जाते म्हणे.

जेवणं आटोपल्यावर मी त्यांचे व्हिडिओ एकामागून एक बघत बसले. माणूस बोलतो छान. पण ज्या रिपोर्टांवर ते बोट ठेवतात, ते बहुतेक एका सकाळच्या उपाशीपोटीच्या साखरेचे आहेत. आदल्या रात्री कमी जेवलं तरी तो आकडा खाली येऊ शकतो. दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी मी शोधत राहिले, कुठेच दिसली नाही. रिपोर्ट ज्याचा, तो किती वर्षांचा मधुमेही, त्याचं वजन किती, गोळ्या खरंच बंद केल्या का, तेही नाही.

"इंग्लंडमध्ये सिद्ध झालंय" असं ते दर दोन व्हिडिओंआड म्हणतात. म्हणून तेही शोधून वाचलं. अभ्यास खरा आहे. स्कॉटलंडमध्ये आणि इंग्लंडच्या टाइनसाइड भागात झाला, २०१७ साली प्रसिद्ध झाला, ३०६ माणसं होती. निम्म्यांना तीन ते पाच महिने दिवसाला जेमतेम साडेआठशे कॅलरींचा आहार दिला. वर्षअखेर त्यांतल्या ४६ टक्के लोकांची साखर गोळ्यांशिवाय आटोक्यात होती. गोळ्या त्यांच्याही पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या, हे मान्य. पण ते सगळं देखरेखीखाली होतं. आणि घेतलेली माणसं कोण? जास्त वजनाची, इन्सुलिन न घेणारी, मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आतली. माझी आई चौदा वर्षांची मधुमेही आणि वजन अठ्ठेचाळीस किलो. तिला त्या अभ्यासात कुणी उभंही केलं नसतं. शिवाय त्यात फरक पडला तो वजन उतरल्यामुळे, कुठल्या चूर्णामुळे नाही. एवढंच सर सांगत नाहीत, आणि मला राग आला तो याचाच. निव्वळ थाप असती तर आईनं पहिल्याच दिवशी ओळखली असती.

किडनीचंही तसंच. मेटफॉर्मिननं किडनी खराब होत नाही. किडनी आधीच अशक्त असेल तर डोस कमी करतात किंवा गोळी थांबवतात, म्हणून क्रिएटिनिन तपासतात. त्या तपासणीचाच सरांनी पुरावा केला. आणि "केमिकल" म्हणावं तर या गोळीचं मूळ गॅलेगा नावाच्या एका युरोपी झुडपापर्यंत जातं. खरा दुष्परिणाम वेगळाच आहे. वर्षानुवर्षं घेतली तर बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. ते सरांनी सांगितलं नाही. आईच्या डॉक्टरांनीही नाही. तळपायाला मुंग्या येतात असं ती गेल्या दिवाळीपासून म्हणतेय. साखरेनं असेल, बी-१२नं असेल, पण कुणी बघितलंय कुठे? मीसुद्धा "वयानं होतं गं" म्हणून मोकळी झाले होते.

मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला आपल्याकडे १९५४च्या कायद्यानं बंदी आहे. आईच्या जन्माच्या दोन वर्षं आधीचा कायदा! आणि हे रोज सकाळी सातला, उघड.

आईला हे सगळं सांगितलं. तिनं मध्येच थांबवलं. म्हणाली, "मी नमस्कार लिहिला की ते माझं नाव घेतात. पाय कसे आहेत विचारतात."

मला पुढे बोलता येईना. मी औषधवाल्याला फोन करत होते, दर महिन्याला, न चुकता. गोळी घेतलीस का, असं तिला एकदाही विचारलं नव्हतं.

उद्या रक्त द्यायला जायचं ठरलंय. एचबीए१सी, क्रिएटिनिन, बी-१२. मग रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे, आणि या वेळी आत मीही जाणार. गोळ्या पुन्हा किती नि कशा सुरू करायच्या ते त्यांनाच विचारू. आईची एकच अट आहे, सातचं लाइव्ह संपल्यावर निघायचं. मी हो म्हटलं. शेजारी बसून मीही बघणार आहे.