हिरवी पोचपावती

काल टपालात हिरवी पोचपावती आली. इथल्या, अमेरिकन आर्मीच्या भरती कार्यालयाला लेकाचं पत्र मिळालं, खाली कुणाचीतरी गिचमिड सही. मी ती फ्रिजवर लावून ठेवली आहे.

गेल्या ऑक्टोबरात तो सतराचा होता, म्हणून आर्मीच्या फॉर्मवर आम्हा दोघांच्याही सह्या लागल्या. कॉलेजचा खर्च निघेल असा हिशोब होता. न्यू जर्सीतल्या फोर्ट डिक्स या लष्करी तळावर शपथ झाली. फोटो साताऱ्याला गेले. माझे वडील, अण्णा, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, त्यांनी आळीभर पेढे वाटले.

मार्चमध्ये कॉलेजची मदत मंजूर झाली. त्या रात्री आमटीभात कालवत बसला होता, घास काही घेईना. मग म्हणाला, "आई, फक्त फीसाठी बंदूक हातात घेणं मला नाही जमणार. जानेवारीपासून सांगायचं होतं." दोन महिने पोराने एकट्याने हे ओझं वाहिलं, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

रिक्रूटरला, म्हणजे भरती करणाऱ्या अधिकाऱ्याला कळवलं आणि त्याचे फोन सुरू झाले. वॉरंट निघेल, सरकारी नोकरी जन्मात मिळणार नाही. सही माझीही होती, तीन रात्री डोळा लागला नाही. शेवटी सैनिकांना त्यांचे हक्क समजावणाऱ्या जी.आय. राइट्स हॉटलाइनला फोन केला. तिथल्या बाईंनी शांतपणे समजावलं. याला डिलेड एन्ट्री प्रोग्रॅम म्हणतात. आता सही करायची आणि ट्रेनिंगला सहसा 365 दिवसांच्या आत निघायचं. तोवर मुलगा बिनपगारी राखीव दलात असतो. निघायच्या दिवशी दुसरी शपथ होते, खरं सैन्यात घेतात ते तेव्हा. त्याआधी लेखी कळवून बाहेर पडता येतं, त्यासाठी कुणी पकडून नेत नाही. मात्र त्या दिवशी तिकडे फिरकायचं नाही. कार्यालयात 'नुसतं बोलायला' बोलावलं तरी जायचं बंधन नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण इथल्या आपल्या किती घरांत हे ठाऊकच नसेल.

पत्र त्यानेच लिहिलं. चार ओळी. विचार बदलला, कॉलेजला जातोय, करारातून मुक्त करा.

अण्णांना सांगायची मला धास्ती होती. दिलेल्या शब्दाचे ते पक्के. फोनवर बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मन नसलेला गडी शेजारच्यालाही गोत्यात आणतो. वेळेत बोलला, बरं केलं. दे त्याच्याकडे फोन."

दोघं अर्धा तास बोलत होते. काय ते मी विचारलं नाही.